वाचक विचारतात : चांदोबावाले चक्रपाणि

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की आपल्या लहानपणीचं ‘चांदोबा’ हे मुलांचं मासिक मूळचं मद्रासचं, आणि ते काढणाऱ्या दोघांतले एक तेलुगू सिनेमातले फार मोठे गृहस्थ, दिग्दर्शकही होते. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला देते. मी सोलापुरात चौतीस वर्षं ग्रंथपाल होते आणि माझं लहानपण शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या शेजारात गेलं. हा विषय माझ्या अगदी उंबऱ्याजवळचा आहे.

प्रश्न : ताई, ‘चांदोबा’वर नागी रेड्डी आणि चक्रपाणि अशी दोन नावं वाचल्याचं आठवतं. नागी रेड्डी म्हणजे स्टुडिओवाले, एवढं ठाऊक आहे. पण चक्रपाणि हे कोण? खरं नाव की टोपणनाव? आणि सिनेमाशी त्यांचा संबंध कसा आला? — एक निवृत्त शिक्षक, मिरज

सर, टोपणनाव. माणसाचं खरं नाव आलूरि वेंकट सुब्बाराव. जन्म १९०८ सालचा, गाव तेनाली. गुंटूरकडचं हे गाव लेखकांचं आणि नाटकवाल्यांचं म्हणून तेलुगू मुलखात ओळखलं जातं.

त्यांची गोष्ट सुरू होते आजारपणातून. तरुणपणी त्यांना क्षय झाला. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. मोकळी हवा, सकस खाणं आणि पडून राहणं, एवढाच उपचार. ते मदनपल्लीच्या आरोग्यधामात राहिले आणि तिथल्या मुक्कामात बंगाली शिकले. हिंदी त्यांना येतच होतं. खोकत पडलेला एक तरुण खाटेवर परकी लिपी गिरवतोय, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. कारण पुढं या माणसानं जे जे केलं, त्याची मुळं त्या खाटेपाशी आहेत.

बरे होऊन आल्यावर त्यांनी शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या तेलुगूत आणल्या. त्या अशा उतरल्या, की शरद्‌बाबू आपल्याकडचेच लेखक आहेत असं कित्येक तेलुगू वाचकांना वाटायचं. मराठीत हेच मामा वरेरकरांनी केलं. माझी आजी शरच्चंद्रांच्या नायिकांबद्दल बोलायची ते आपल्या माहेरच्या गल्लीतल्या बायकांबद्दल बोलावं तसं. परक्या घरची गोष्ट उचलून आणायची आणि आपल्या घरातल्या पाटावर अशी बसवायची की ती पाहुणी वाटू नये, हे चक्रपाणींचं खरं काम. मासिकात तेच, सिनेमात तेच. त्यांना मी आधी वाचक मानते, मग अनुवादक, आणि त्यानंतर निर्माता, संपादक वगैरे.

मासिक काढायची हौस तेनालीपासूनची. ‘युवा’ नावाचं त्यांचं तेलुगू मासिक होतं आणि त्यात त्यांच्याच गावचे कोडवटिगंटि कुटुंबराव सोबत होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

सिनेमाची वाट आपल्या कोल्हापूरवरून गेली, हे वाचून तुम्हाला मिरजेत बसून बरं वाटेल. पी. पुल्लय्या यांचा ‘धर्मपत्नी’ हा तेलुगू चित्रपट १९४१ मध्ये आला. तो कोल्हापुरात तयार झाला आणि त्याचे संवाद चक्रपाणींचे होते. मद्रासेत पुरेशी सोय नव्हती तेव्हा दक्षिणेकडची मंडळी कोल्हापूर, पुणे, मुंबई, कलकत्ता अशी चित्रीकरणाला फिरायची. नंतर बी. एन. रेड्डींनी त्यांना मद्रासेत ‘स्वर्गसीमा’साठी बोलावलं, तो चित्रपट १९४५ चा. बी. एन. रेड्डी म्हणजे नागी रेड्डींचे थोरले भाऊ. नागी रेड्डींचा छापखाना होता, आणि चक्रपाणि आपली पुस्तकं छापून घ्यायला त्यांच्याकडे जायचे. छापखान्यात जुळलेली ही मैत्री शेवटपर्यंत टिकली. एकाला यंत्रं, कागद, हिशेब, माणसं कळायची, दुसऱ्याला गोष्ट कळायची. दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबुड केली नाही म्हणून एवढं उभं राहिलं, असं माझं मत आहे.

जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला महिना राहिला असताना, तेलुगू ‘चंदमामा’ निघालं आणि तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’. मराठी ‘चांदोबा’ आला एप्रिल १९५२ मध्ये. मधल्या काळात दोघांनी विजया प्रॉडक्शन्स ही चित्रसंस्था काढली. १९५० चा ‘शावुकारु’ हा तिचा पहिला चित्रपट, नि दुसरा १९५१ चा ‘पाताळभैरवी’. माळ्याचा पोर तोट रामुडू राजकन्येवर जीव लावतो, आणि नेपाळी मांत्रिक त्याला बळी द्यायला निघतो. एन. टी. रामाराव तोट रामुडू झाले होते, एस. व्ही. रंगाराव मांत्रिक, दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी. १९५२ च्या सुरुवातीला मुंबईत आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात हा चित्रपट दाखवला गेला. काही महिन्यांतच मराठी मुलांच्या हातात ‘चांदोबा’ पडला. गुहा, देवीची मूर्ती, दाढीवाला मांत्रिक, मंतरलेल्या वस्तू, सगळं तेच. ज्यांनी ‘चांदोबा’च्या धारावाहिक कथा वाचल्यात त्यांनी ‘पाताळभैरवी’ एकदा बघावा. पान उलटल्यासारखं दृश्य उलटतं.

चक्रपाणि गेले सप्टेंबर १९७५ मध्ये. ‘चंदमामा’चं रोजचं संपादन त्याआधीच, १९५२ पासून, कुटुंबरावांनी अंगावर घेतलं होतं, आणि १९८० मध्ये जाईपर्यंत ते त्यांनी केलं. तेनालीच्या दोन मित्रांनी मिळून भारतातल्या किती भाषांतल्या मुलांना वाचायला लावलं!

प्रश्न : चक्रपाणि दिग्दर्शक होते असं तुम्ही म्हणता. पण विजयाचे गाजलेले चित्रपट तर एल. व्ही. प्रसाद आणि के. व्ही. रेड्डी यांच्या नावावर आहेत. मग त्यांनी नेमकं काय केलं? — एक वाचक, निपाणी

तुमचा आक्षेप बरोबर आहे. ‘मिस्सम्मा’ प्रसादांचा, ‘मायाबझार’ के. व्ही. रेड्डींचा, ‘गुंडम्मा कथा’ कमलाकर कामेश्वररावांचा. चक्रपाणींनी स्वतःच्या नावावर केलेलं ठळक दिग्दर्शन म्हणजे १९६२ चा तमिळ ‘मनिदन मारविल्लै’. नावाचा अर्थ ‘माणूस बदललेला नाही’. तो ‘गुंडम्मा कथा’चाच तमिळ अवतार, आणि तो चालला नाही. तेलुगू चित्रपट मात्र आजही लोक घरोघर बघतात.

तरीही त्यांना सिनेमातला कर्ता माणूस का म्हणायचं, ते ‘मिस्सम्मा’वरून सांगते. १९५५ चा चित्रपट. बेकार तरुण हिंदू, बेकार तरुणी ख्रिश्चन. एका शाळेला नवराबायको असलेले शिक्षक हवेत, म्हणून दोघं खोटं जोडपं बनून नोकरी धरतात. मूळ कल्पना बंगाली, ‘मानमयी गर्ल्स स्कूल’ या नाटकातली. ती चक्रपाणींनी आंध्रातल्या एका गावात अशी रुजवली की बंगालचं नाव कुणाच्या तोंडी येऊ नये. जमीनदाराच्या घरातलं जेवण, मुलीला गाणं शिकवणं, नायिकेचं चिडणं, सगळं तिकडच्या मातीतलं. तोच चित्रपट त्याच वेळी तमिळमध्येही झाला आणि पुढं हिंदीत ‘मिस मेरी’ म्हणून १९५७ मध्ये आला.

याच चित्रपटाचा एक प्रसंग तेलुगू सिनेमाच्या माणसांकडून वारंवार सांगितला जातो. नायिका आधी भानुमती होत्या आणि चार रिळांचं काम झालं होतं. एक दिवस वरलक्ष्मीच्या व्रतामुळे त्या सेटवर उशिरा आल्या. चक्रपाणींनी माफी मागायला सांगितलं, त्या नाही म्हणाल्या, तेव्हा त्यांनी ती रिळं जाळून टाकली. दुसऱ्या भूमिकेत असलेल्या सावित्रींना त्यांनी नायिका केलं, आणि सावित्रींच्या जागी जमुना आल्या. मी भानुमतींची चाहती आहे. व्रतापायी एक दिवस उशीर झाला म्हणून एवढं करावं का, असं मला अजून वाटतं. पण ‘मिस्सम्मा’ बघताना सावित्रींच्या जागी दुसरं कुणी डोळ्यांपुढं येत नाही, हेही खरं. सेटवर दिग्दर्शक प्रसाद होते, तरी असला निर्णय चक्रपाणि घेऊ शकत होते. विजयात गोष्ट कोणती, ती कशी फिरणार, कोण कुठल्या भूमिकेत, हे त्यांच्याकडून ठरायचं.

दुसरा दाखला ‘गुंडम्मा कथा’. गोष्ट एका कन्नड चित्रपटावरून घेतलेली. पडद्यावर एन. टी. रामाराव आणि अक्किनेनी नागेश्वरराव एकत्र, म्हणजे त्या वेळचे दोन्ही मोठे नायक. जोडीला सावित्री आणि जमुना. आणि चित्रपटाला नाव कुणाचं? गुंडम्माचं, म्हणजे सूर्यकांतम यांनी रंगवलेल्या त्या खाष्ट बाईचं! सावत्र मुलीला मोलकरणीसारखं राबवणारी, आपल्या पोटच्या पोरीला डोक्यावर बसवणारी बाई. पोस्टरवर दोन नायक असताना पन्नाशीच्या बाईच्या नावानं चित्रपट काढायला छाती लागते. गोष्टीचा कणा कुठं आहे ते ओळखणाऱ्यालाच हे सुचतं.

हा चित्रपट मी सोलापुरातच पाहिला, पुष्कळ वर्षांनी परत लागला होता तेव्हा, रविवारी सकाळच्या खेळाला. तेलुगू चित्रपट आमच्याकडे नेहमी लागायचे आणि थिएटर विणकर कुटुंबांनी भरून जायचं. शेजारच्या अम्मा मला घेऊन गेल्या होत्या. एन. टी. रामाराव अर्ध्या चड्डीतला नोकर अंजी बनून सावित्रीच्या हातून रगडा काढून घेतो, स्वतः पीठ वाटायला बसतो आणि बायकांच्या जगाला जाग आली म्हणून गाणं म्हणतो. त्या गाण्याला आमच्या रांगेतल्या बायका खुर्चीतून पुढं वाकून बघत होत्या. दिवसाला हजार विड्या वळून, वर घरचं सगळं उरकणाऱ्या बायका त्या. एवढा मोठा नट आपलं काम करतोय! अम्मांनी माझा हात दाबून धरला होता आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.

प्रश्न : आमच्या मराठीच्या बाईंनी सांगितलं की वेताळाच्या गोष्टी फक्त पंचवीस आहेत. पण आजोबा म्हणतात ‘चांदोबा’त वेताळ कित्येक वर्षं दर महिन्याला यायचा. दोघांतलं खरं कोण? — आठवीतली एक विद्यार्थिनी, लातूर

बाळ, दोघंही खरं बोलतात. संस्कृतात ‘वेतालपंचविंशति’ आहे, म्हणजे पंचवीस गोष्टी. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त त्या येतात, आणि मराठीत बापू छत्र्यांनी त्या फार पूर्वी ‘वेताळपंचविशी’ म्हणून आणल्या. ‘चंदमामा’नं त्या गोष्टींचा साचा उचलला. राजा विक्रम झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून मुकाट चालतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगून शेवटी कोडं घालतो, उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याचं डोकं फुटणार, आणि बोलला तर मौन मोडणार नि वेताळ परत झाडावर. या साच्यात दर महिन्याला नवी गोष्ट बसवायची. लेखक बदलत राहिले, साचा तोच. बहुतेक गोष्टींवर लेखकाचं नाव नसायचं.

तुझ्या आजोबांना गोष्टीआधी ते चित्र आठवत असेल. उपसलेली तलवार हातात, खांद्यावर प्रेत, मागं वाकडी झाडं नि कवट्या. ते शंकर यांचं. पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. ते २०२० मध्ये गेले, नव्वदी कधीच ओलांडून. दुसरे चित्रकार ‘चित्रा’ या नावानं सही करायचे, त्यांच्या राक्षसांना मी घाबरायचे आणि तरी पान उलटायचे नाही.

आता तुला एक काम देते. वेताळाचं कोडं वाचलंस की राजाचं उत्तर हातानं झाकून ठेव आणि आधी तुझं उत्तर वहीत लिही. आम्ही असंच करायचो. माझं उत्तर आणि राजाचं उत्तर वेगळं आलं की भांडण व्हायचं, आणि बहुतेक वेळा मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं.

प्रश्न : मॅडम, आमचं घर मूळ तेलंगणातलं, चार पिढ्या भिवंडीत मागावर. चक्रपाणींबद्दल लिहिताय ते चांगलंच. पण पत्रकार आणि दिग्दर्शक म्हटलं की आमचे आजोबा गूडवल्ली रामब्रह्मम यांचं नाव आधी घ्यायचे. त्यांच्यावर मराठीत कुणी लिहीत नाही. — एक वाचक, भिवंडी

तुमच्या आजोबांचा मान राखून आधी हे कबूल करते की क्रमानं त्यांचंच नाव पहिलं. गूडवल्ली रामब्रह्मम १९०२ चे, कृष्णा जिल्ह्यातले. मद्रासेत ‘प्रजामित्र’ या साप्ताहिकाचं संपादन त्यांनी केलं. त्या साप्ताहिकात ते जे लिहीत होते, तेच त्यांनी पडद्यावर आणलं.

१९३८ चा ‘मालपिल्ल’. ब्राह्मण पुजाऱ्याच्या मुलाचं आणि अस्पृश्य मुलीचं प्रेम, आणि भोवती मंदिरप्रवेशाचा लढा. कथा गुडिपाटि वेंकट चलम यांची, मुलीच्या भूमिकेत कांचनमाला. दक्षिणेत त्या वर्षांत पौराणिक चित्रपटांची रांग लागलेली असताना हा विषय घेणं म्हणजे थिएटर ओस पडण्याची तयारी ठेवणं. उलट तो तुफान चालला. पुढच्याच वर्षी ‘रैतुबिड्ड’, म्हणजे शेतकऱ्याचं लेकरू. कुळांवर जमीनदार काय जुलूम करतो ते त्यात उघड दाखवलं होतं. मोठे जमीनदार खवळले आणि काही भागांत सरकारनं त्यावर बंदी घातली. विशेष म्हणजे या चित्रपटामागं पैसा उभा करणारे चल्लपल्लीचे राजे स्वतः जमीनदार होते. आपल्याच वर्गाविरुद्धच्या चित्रपटाला पैसे देणारा माणूस आणि ते त्याच्याकडून काढणारा संपादक, दोघांबद्दल मला आदर वाटतो.

रामब्रह्मम १९४६ मध्ये गेले तेव्हा ‘पलनाटि युद्धम’ अर्धा राहिला होता. तो पुरा केला एल. व्ही. प्रसादांनी. हेच प्रसाद नंतर विजयाचा ‘शावुकारु’ आणि ‘मिस्सम्मा’ करतात. म्हणजे तुमच्या आजोबांचे रामब्रह्मम आणि माझे चक्रपाणि एका माणसानं जोडलेले आहेत.

त्यांच्यावर सवडीनं लिहायला हवं हे तुमचं म्हणणं मान्य. आजोबांनी ‘मालपिल्ल’ कुठं पाहिला, तेव्हा वस्तीत काय बोललं गेलं, हे घरात कुणाला आठवत असेल तर मला लिहून पाठवा. तेलुगूत लिहिलंत तरी चालेल, मी सावकाश का होईना वाचते.

प्रश्न : मराठीत असा कुणी झाला का, पत्र चालवणारा आणि चित्रपट करणारा? — एक वाचक, पुणे

आचार्य अत्रे. ‘नवयुग’ साप्ताहिक, १९५६ पासून दैनिक ‘मराठा’, आणि चित्रपटांत ‘श्यामची आई’, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. अत्र्यांची तुलना मात्र चक्रपाणींशी करू नका, रामब्रह्मम यांच्याशी करा. या दोघांना समाजाशी भांडायचं होतं, वर्तमानपत्र आणि चित्रपट त्यांनी त्यासाठी हाती घेतले. ‘महात्मा फुले’ आणि ‘मालपिल्ल’ शेजारी ठेवून पाहिले तर कळेल. चक्रपाणींना भांडायचं नव्हतं, त्यांना घरातल्या सगळ्यांना एका ठिकाणी बसवून गोष्ट सांगायची होती. मी दोन्ही जातीच्या माणसांची वाचक आहे आणि दोन्ही मला लागतात.

प्रश्न : तुम्हाला तेलुगू वाचता येतं असं तुम्ही एकदा लिहिलं होतं. कुठं शिकलात? आणि जुने ‘चांदोबा’ आता कुठं मिळतील? — एक वाचक, नागपूर

मला तेलुगू ‘चांदोबा’नं शिकवलं. कसं ते सांगते.

आमच्या वाड्यात दोन बिऱ्हाडं. एक आमचं, एक अम्मांचं. अम्मांचे यजमान मागावर चादरी विणायचे आणि अम्मा विड्या वळायच्या. सकाळी उंबऱ्यावर बसायच्या, मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, एका कोपऱ्यात तंबाखू. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड दुमडून दोऱ्याचे दोन फेरे. नजर सुपावर नसली तरी हात चालत असायचे. अम्मांना वाचता येत नव्हतं. त्यांची मुलगी तेलुगू शाळेत जायची, माझ्याच वयाची. तिच्याकडे ‘चंदमामा’ यायचं, माझ्याकडे ‘चांदोबा’. अंक आला की ती अम्मांना वाचून दाखवायची, अम्मा ऐकत विड्या वळायच्या, आणि मी शेजारी बसून माझा अंक उघडायचे.

पहिल्यांदा ध्यानात आलं ते चित्रांवरून. दोन्ही अंकांत तोच राजा, तीच म्हातारी, तेच खांबांच्या पडवीचं घर, माडांची तीच रांग. अक्षरं फक्त वेगळी. मग आम्हा दोघींना खेळच सापडला. ती तेलुगूत एक ओळ वाचायची, मी मराठीत तीच ओळ शोधायची. मुखपृष्ठावरचं नाव मी सगळ्यात आधी ओळखलं. शेवटी जवळजवळ एकसारखी दोन अक्षरं, त्यातल्या पहिल्याला काना. तो ‘मा’ आणि हा ‘म’. दोन अक्षरं हाती लागली की तिसरं आपोआप लागतं. ‘राजू’ म्हणजे राजा, ‘चेट्टु’ म्हणजे झाड, ‘शवम’ म्हणजे प्रेत. वेताळामुळे ‘शवम’ हा शब्द मला ‘आई’साठीच्या शब्दाइतक्या लवकर आला, आणि माझ्या आईला ते मुळीच आवडलं नव्हतं. दीडेक वर्षात अम्मांना वाचून दाखवायची पाळी कधीकधी माझ्यावर यायची. माझा उच्चार ऐकून अम्मा हात थांबवायच्या, शब्द सुधारायच्या, आणि परत पानाकडे वळायच्या.

मद्रासेत बसलेल्या एका माणसानं गोष्टी आणि चित्रं सगळ्या भाषांना एकच द्यायचं ठरवलं नसतं, तर हे घडलं नसतं.

आता जुन्या अंकांचं. या मासिकाचं छापणं १९९८ मध्ये बंद पडलं, वर्षभरानं परत सुरू झालं, आणि २०१३ च्या सुमाराला पुन्हा थांबलं. अंकावरचा ‘चंदमामा बिल्डिंग्ज, वडपळनी, मद्रास-२६’ हा पत्ता कित्येकांना पाठ असेल, आता तिथं पत्र टाकून उपयोग नाही. जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं मात्र इंटरनेटवर पुष्कळ आहेत, मराठीही आहेत आणि तेलुगूही. सार्वजनिक वाचनालयांत विचारा, पण फार आशेवर राहू नका. एका वाचनालयात, त्याचं नाव घेत नाही, मी नोकरीवर असताना ‘चांदोबा’चे बांधीव खंड जागा अडवतात म्हणून रद्दीत काढले गेले. मी सुट्टीवर होते. परत आले तेव्हा कपाटाच्या तळाशी फक्त सुतळीचे तुकडे उरले होते. रद्दीवाल्याकडे धावत गेले, त्यानं माल आदल्या दिवशीच पुढं पाठवला होता. ते दुःख मी अजून विसरले नाही. म्हणून तुमच्या घरी माळ्यावर अंक असतील तर आधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, मग काय करायचं ते ठरवा. फोटो काढताना अंक जबरदस्तीनं सपाट दाबू नका, पिना गंजलेल्या असतात आणि मधलं पान सुटून हातात येतं.

माझ्याकडे जुना म्हणावा असा एकच अंक आहे, आणि तो मराठी नाही. माझं लग्न ठरल्यावर अम्मांनी लेकीचं एक ‘चंदमामा’ मला दिलं, ‘वाचायचं विसरू नको’ म्हणाल्या. वेताळाच्या गोष्टीपाशी तो अंक उघडला की मधल्या घडीत अजून तपकिरी भुकटी दिसते. मी ती कधी झटकली नाही.